पायस, चीक आणि लोहगर्भ कण

शास्त्राच्या परिभाषेत एखादे नाव एकदा रूढ झाले की ते ज्या कल्पनेवरून पडले ती कल्पना खोटी ठरली तरी नाव टिकून राहते. इंग्रजीतील ‘इमल्शन’ हा शब्द ‘दूध काढणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. आपल्या परिभाषाकारांनी त्यास ‘पायस’ हा प्रतिशब्द योजला, तोही ‘पयस्’ पासून. दोन्हींच्या मुळाशी प्रतिमा एकच आहे : पाण्यात तरंगणारे स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म थेंब. त्यामुळे ‘पायस-बहुवारिकीकरण’ हे नाव ऐकणाऱ्याची अशी समजूत व्हावी हे स्वाभाविकच आहे, की एकवारिक द्रवाच्या प्रत्येक थेंबाचे जागच्या जागी बहुवारिकाच्या घन कणात रूपांतर होत असावे. प्रत्यक्षात तसे होत नाही. चुंबकीय बहुवारिक कणांचा इतिहास म्हणजे नावातला हा थेंब खरा करून दाखविण्याचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या पद्धतीचा उगम अनुकरणात आहे. रबराच्या झाडाचा चीक हे निसर्गसिद्ध पायसच. 1909 ते 1912 या काळात जर्मनीतील बायर कंपनीच्या रसायनज्ञांनी जिलेटिन, अंड्यातील प्रथिन अशा पदार्थांच्या साहाय्याने तसलाच चीक कृत्रिम रीतीने बनविण्याचे प्रयत्न केले. पुढे प्रथिनांची जागा साबणाने घेतली. 1942 मध्ये मलाया व जावा जपानच्या हाती गेल्यावर अमेरिकेस कृत्रिम रबर मोठ्या प्रमाणावर करणे भाग पडले आणि या प्रक्रियेच्या अंतरंगाचा शोध निकडीचा झाला.

तो शोध शिकागोच्या विल्यम हार्किन्स यांनी 1947 मध्ये सिद्धान्तरूपाने मांडला. साबणाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन काही नॅनोमीटर व्यासाचे पुंजके बनवितात. त्यांस ‘मिसेल’ म्हणतात. एकवारिकाचा थेंब सामान्यतः एक ते दहा मायक्रोमीटरांचा, म्हणजे मिसेलच्या मानाने अवाढव्य. परंतु मिसेलांची संख्या थेंबांच्या कोट्यवधी पट असते. पाण्यात निर्माण झालेले क्रियाशील रेणू म्हणून मिसेलांतच शिरतात व कणाचा जन्म तेथे होतो. थेंब हा केवळ कोठार ठरतो : त्यातील एकवारिक रेणू-रेणूने पाण्यात उतरून वाढत्या कणाकडे जात राहतो. या प्रवासामुळे लोहाची वाट बंद होते. थेंबात मॅग्नेटाइटचे दाणे घातले तर ते एकवारिकाबरोबर पाण्यातून प्रवास करू शकत नाहीत. बहुवारिक एकीकडे आणि लोह दुसरीकडे, अशी फारकत होते.

ही अडचण दूर करणारे टिपण 1973 मध्ये नॉर्वेचे यॉन उगेलस्टाड यांनी अल-आसर व व्हँडरहॉफ यांच्यासह प्रसिद्ध केले. साबणासोबत सिटाइल अल्कोहोल वापरून त्यांनी स्टायरिनचे थेंब इतके बारीक केले की बहुतेक साबण त्यांच्याच पृष्ठभागावर खर्ची पडला. मिसेलांस साबण उरला नाही तेव्हा कण थेंबातच जन्मू लागले. असे बारीक थेंब एरवी टिकत नाहीत, कारण लहान थेंब विरघळून मोठ्या थेंबांत विलीन होतात. पाण्यात जवळजवळ न विरघळणारा एखादा पदार्थ थेंबात मिसळला म्हणजे या विलयास आळा बसतो. या पद्धतीस पुढे ‘मिनिइमल्शन’ हे नाव मिळाले. मराठीत ‘लघुपायस’ म्हणण्यास हरकत नसावी.

अविद्राव्य पदार्थाचा हाच गुण उगेलस्टाड यांनी ट्राँडहाइम येथे दुसऱ्या कामी लावला. अशा पदार्थाने युक्त बीजकण मूळ आकारमानाच्या सहस्रपटीपर्यंत एकवारिक शोषून फुगतो. या रीतीने 1970 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी तंतोतंत एका मापाचे मणी बनविले. असे मणी फक्त अवकाशातील भारहीन अवस्थेतच होऊ शकतात या समजुतीला उगेलस्टाड यांनी खोटे पाडले, अशी कथा सांगितली जाते. तिचा कालक्रम मात्र तपासून पाहावा. अमेरिकेच्या अवकाशयानातील व्हँडरहॉफ यांचा प्रयोग मार्च 1982 चा. नॉर्वेचे मणी त्याच्या आधीचे. एकाच टिपणाचे दोन सहलेखक पुढे एकाच प्रश्नाकडे दोन वाटांनी गेले, इतकेच खरे. आणि हे त्या कथेपेक्षा अधिक रंजक आहे.

सच्छिद्र मण्यांच्या आत लोहक्षार मुरवून तेथेच लोहाचे ऑक्साइड पाडले की मणी चुंबकाकडे ओढले जातात. ऑक्साइडचे दाणे अतिसूक्ष्म असल्याने चुंबक दूर होताच आकर्षण संपते आणि मणी पुन्हा मोकळे होतात; हे नसते तर त्यांचे गोळे होऊन सारे श्रम वाया गेले असते. अशा मण्यांवर प्रतिपिंडे बसवून न्यूरोब्लास्टोमा झालेल्या मुलांच्या अस्थिमज्जेतून कर्कपेशी वेगळ्या काढल्याचा वृत्तान्त 1984 मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आला.

तथापि हे मणी मायक्रोमीटरच्या मापाचे होते. नॅनोमीटरच्या प्रदेशात उतरण्यास लघुपायसाकडेच परतावे लागले. 2003 मध्ये रामिरेझ व लांडफेस्टर यांनी सुमारे दहा नॅनोमीटरांच्या मॅग्नेटाइट दाण्यांवर ओलेइक आम्लाचा थर देऊन ते तेलात मिसळण्याजोगे केले, आणि त्यांचे पुंजके व स्टायरिनचे थेंब श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या माऱ्याने एकत्र आणले. वजनाच्या सुमारे 40 टक्क्यांपर्यंत मॅग्नेटाइट पोटात असलेले पॉलिस्टायरिनचे कण त्यातून मिळाले. थेंबात जे घातले तेच येथे कणात उतरते. ‘पायस’ हे नाव देणाऱ्यांनी प्रथमपासून गृहीत धरले होते तेच.