वर्दी देणाऱ्यास कायद्याचे अभय

१८७४ सालच्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्क शहरातील न्यायालयापुढे मेरी एलन नावाची सुमारे दहा वर्षांची एक मुलगी उभी करण्यात आली. तिच्या अंगावर माराचे वळ होते आणि चेहऱ्यावर कात्रीने झालेली जखम होती. आपल्याला जवळजवळ रोज मार बसतो, हे तिने सांगितलेच. परंतु त्याबरोबर असेही सांगितले की, कोणी आपला कधी मुका घेतल्याचे आपल्याला आठवत नाही व इतर मुलांशी आपल्याला खेळू देत नाहीत. तिला सांभाळणाऱ्या बाईस एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ती शिक्षा मात्र शरीरावरील हल्ल्याबद्दल होती. ज्या मायेच्या दुष्काळाचे वर्णन त्या मुलीने केले, त्यासाठी कायद्यापाशी शब्दच नव्हता.

या प्रकरणाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. मुलीची हकीगत उजेडात आणली ती गोरगरिबांच्या वस्तीत धर्मकार्य करणाऱ्या एटा व्हीलर या बाईंनी. त्यांनी अनेक ठिकाणी दाद मागितली, परंतु पुराव्यावाचून दुसऱ्याच्या घरात हात कोणी घालावा, असाच प्रश्न जो तो करी. अखेर प्राण्यांचा छळ थांबविणाऱ्या संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्याकडे त्या गेल्या, तेव्हा हालचाल झाली. त्याच सालच्या डिसेंबरात मुलांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र संस्था त्या शहरात स्थापन झाली. मुक्या जनावराचा कैवार घेणारी संस्था आधी निघाली आणि मुलांची मागाहून, हा क्रम विचार करावयास लावणारा आहे.

मुलाच्या छळाचा संशय सर्वांत आधी कोणास यावा? डॉक्टरास, शिक्षकास, परिचारिकेस. परंतु पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ही मंडळी बहुधा गप्पच राहिली. आईबाप असे करतील यावर विश्वास बसत नसे. रोग्याचे गुपित फोडल्याचा ठपका येईल ही धास्ती असे. आणि संशय खोटा ठरला तर अब्रूनुकसानीचा दावा अंगावर येईल हे भय सर्वांवर मात करी.

ही शांतता मोडली ती डेन्व्हर येथील डॉक्टर हेन्री केम्प व त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९६२ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. एका वर्षात ७१ इस्पितळांतून कळविण्यात आलेल्या ३०२ प्रकरणांपैकी ३३ मुले दगावली होती व ८५ मुलांच्या मेंदूस कायमची इजा झाली होती. हे आकडे वाचून देश हादरला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६३ साली, केंद्र सरकारच्या बालक विभागाने एक नमुना कायदा तयार केला, आणि १९६७ पर्यंत तेथील सर्व राज्यांनी वर्दी देण्यासंबंधीचे कायदे केले.

या कायद्यांचे मर्म दोन बाबींत होते. एक, डॉक्टराने संशय आल्यास कळविलेच पाहिजे. आणि दुसरी, प्रामाणिक बुद्धीने कळविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ नये. केवळ कर्तव्य सांगितले आणि संरक्षण दिले नाही, तर मनुष्य डोळे मिटून घेतो. केवळ संरक्षण दिले आणि कर्तव्य सांगितले नाही, तर तो उद्यावर ढकलतो. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली याच्याही पुढे पाऊल टाकले. अकरा महिन्यांच्या एका मुलीच्या जखमांचे खरे कारण न ओळखता तिला पुन्हा त्याच घरी धाडणारा डॉक्टर नुकसानभरपाईस जबाबदार ठरू शकतो, असे त्याने सांगितले. बोलण्याइतकेच न बोलणेही आता धोक्याचे झाले.

परंतु हे सारे मोडलेल्या हाडांविषयी. मनाच्या जखमेचे काय? १९७४ सालच्या अमेरिकन केंद्रीय कायद्याने छळाच्या व्याख्येत शारीरिक इजेच्या जोडीस मानसिक इजाही घातली, आणि अनुदान हवे असेल तर राज्यांनी वर्दी देणाऱ्यास अभय दिले पाहिजे, अशी अट घातली. इंग्लंडात १९३३ च्या कायद्यात बुद्धिभ्रंशाचा उल्लेख होता. परंतु मानसिक यातनाही त्यात येतात हे निःसंदिग्ध शब्दांत सांगावयास २०१५ साल उजाडावे लागले.

हाड मोडल्याचे क्ष-किरणांच्या चित्रात दिसते. रोज टोचून बोलल्याने, धाक घातल्याने वा अबोला धरल्याने खचलेले मन कोणत्याही चित्रात दिसत नाही. शिक्षकास दिसते ते एवढेच की मूल घाबरते, एकलकोंडे होते, उदास राहते किंवा एकाएकी अंगावर धावून जाते. ही लक्षणे इतर कारणांनीही उद्भवतात. म्हणून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने येथे तारतम्य राखले आहे. जाणूनबुजून दिलेल्या मानसिक यातनेची वर्दी देणे तेथे सक्तीचे आहे. परंतु केवळ वर्तनावरून गंभीर मानसिक हानीचा संशय आला, तर वर्दी ‘दिलीच पाहिजे’ असे न म्हणता ‘देता येईल’ असे म्हटले आहे. तथापि अभय दोहींस सारखेच आहे. ज्यांच्यावर वर्दीचे कर्तव्य आहे अशा व्यावसायिकांवर त्याबद्दल दावा चालत नाही, त्यांचे नाव गुप्त ठेवले जाते, आणि वरिष्ठांस त्यांना अडविता वा शिक्षा करता येत नाही.

या अभयाची किंमतही कोणीतरी देतो, हे विसरता कामा नये. १९७३ सालच्या डिसेंबरात इंग्लंडातील मुलांच्या संरक्षणासाठी असलेल्या राष्ट्रीय संस्थेकडे एका चौदा महिन्यांच्या मुलीविषयी वर्दी आली. ती निराधार निघाली. निरीक्षक दारात आल्याचा मुलीच्या आईस जबर धक्का बसला. तिने वर्दी देणाऱ्याचे नाव मागण्यासाठी न्यायालयाची पायरी चढली. १९७७ साली उमरावांच्या सभेने निर्णय दिला तो संस्थेच्या बाजूने. नावे उघड होऊ लागली तर वर्द्याच येईनाशा होतील व मुलांचे रक्षण थांबेल, हे त्यामागील कारण होते. त्या आईचे दुःख खोटे नव्हते. परंतु न्यायासनाने तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ज्यांना स्वतः दाद मागता येत नाही अशी असंख्य मुले पाहिली.

आपल्या देशात शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही बंदी केली. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाने मुलास अकारण मानसिक क्लेश देणे हा त्याच्या पालनकर्त्याचा गुन्हा ठरविला. लैंगिक अपराधांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने तर सद्हेतूने माहिती देणाऱ्यास दिवाणी व फौजदारी दोन्ही जबाबदाऱ्यांतून स्पष्ट शब्दांत मुक्त केले. परंतु ते कलम त्या कायद्याखालील अपराधांपुरतेच आहे. मानसिक छळाची शंका अधिकाऱ्यास कळविणाऱ्या शिक्षकास आधार उरतो तो १८६० च्या दंडसंहितेपासून चालत आलेल्या आणि २०२३ च्या न्यायसंहितेतही राखलेल्या एका जुन्या अपवादाचा : योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावपूर्वक केलेली तक्रार म्हणजे अब्रूनुकसानी नव्हे. हा आधार मोलाचा खरा. परंतु तो फौजदारी अब्रूनुकसानीपुरता आहे. नोकरीवरील रोषाविषयी तो काहीच बोलत नाही.

या दीडशे वर्षांच्या इतिहासातून एक गोष्ट निःसंशय दिसते. कायद्याने वर्दी देणाऱ्याकडून अचूकपणाची अपेक्षा केली तेव्हा तो मुका राहिला. प्रामाणिकपणाची अपेक्षा केली तेव्हा तो बोलू लागला. खरेखोटे ठरविणे हे चौकशी करणाऱ्याचे व न्यायाधीशाचे काम आहे. शिक्षकाचे व डॉक्टराचे काम, जे दिसले ते योग्य ठिकाणी वेळेवर सांगणे, एवढेच. आणि जी जखम डोळ्यांस दिसत नाही, तिच्याविषयी बोलणाऱ्याला तर या अभयाची गरज अधिकच आहे.