गुरुजींच्या हातातील केरसुणी

तरुणांच्या संघटनांचा इतिहास लिहावयाचा म्हणजे घटना, ठराव आणि अधिवेशने यांची टिपणे काढावयाची, अशी आम्हां लेखकांची रीत. अमळनेरच्या छात्रालयातील केरसुणीस त्यांत सहसा जागा नसते. आम्हांस मात्र तेथूनच आरंभ करावासा वाटतो.

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले व पुढे छात्रालयाचा भार त्यांजकडे आला. मुले शाळेच्या घाईत अंथरुणे तशीच टाकून जात. गुरुजी ती गुंडाळीत, खोल्या झाडीत, कंदिलांच्या काचा पुशीत, भिजत पडलेले कपडे धुऊन वाळत घालीत. रागावणे नाही, दंड नाही. हे कोण करतो ते कळले तेव्हा मुले ओशाळली आणि आपण होऊन कामास लागली. आम्हां वकिलांचा कलमांवर भरवसा फार. येथे एकही कलम लावावे लागले नाही!

१९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नवी घडी बसली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. गुरुजी या मुलामुलींत वडीलधाऱ्यासारखे वावरत. पंढरीचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा काढला, तेव्हा दलाच्या कलापथकातील तरुण त्यांजबरोबर गावोगाव हिंडले. १ मे १९४७ रोजी गुरुजी पंढरपुरास उपोषणास बसले. गांधीजींना ते मान्य नव्हते. तरी गुरुजी मागे हटले नाहीत. १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे ठरून उपोषण सुटले. मुंबई प्रांताचा मंदिरप्रवेशाचा कायदा त्याच वर्षाचा.

उपोषण म्हणजे दुसऱ्यावर दडपण, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु भोवतीच्या तरुणांनी काय पाहिले? दौऱ्यात शब्द ऐकले होते. आता त्या शब्दांची किंमत बोलणारा स्वतःच्या देहाने मोजीत होता.

गेल्या जत्रेत आमच्या देवळाच्या बालवर्गातील मुले पंगतीनंतर पत्रावळी उचलीत होती. आम्ही समितीचे सभासद सभामंडपात खुर्च्यांवर बसून स्वयंसेवेचे महत्त्व त्यांस समजावून देत होतो. एका मुलाने वाकल्यावाकल्या मान वर करून आमच्याकडे पाहिले. आमच्यांतील एक वृद्ध सभासद काही न बोलता उठले आणि त्यांनी धोतराचा काचा मारला.