तोरण उलटे धरले तर

पोळ्याच्या दिवशी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावात दुपार कलली की दोन बाजूंना दोन बल्ल्या रोवतात आणि मधे आंब्याच्या पानांचे तोरण ताणतात. खाली बैल उभे, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, रंगात आलेल्या, सगळ्यांचे डोळे झुलींकडे आणि शिंगांच्या बेगडाकडे. मी बल्ल्यांकडे पाहत असतो. सकाळी सरळ रोवलेल्या बल्ल्या संध्याकाळपर्यंत एकमेकींकडे झुकतात. पानांचे वजन खाली जाते खरे, पण दोर बल्लीला आत ओढतो. म्हणून जाणता माणूस बल्लीला बाहेरच्या अंगाने एक दोर बांधून खुंटीला ताणून ठेवतो.

हे तोरण मनातल्या मनात उलटे करा. लोंबणाऱ्या दोराची कमान झाली, आणि आत ओढणाऱ्या ताणाचा बाहेर ढकलणारा रेटा झाला. इंग्लंडात रॉबर्ट हुकला 1675 च्या सुमारास हेच सुचले, आणि कोणी चोरू नये म्हणून गड्याने ते अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापले. कोडे उलगडून जगापुढे आले 1705 मध्ये, तोवर हुक जाऊन दोन वर्षे झाली होती. आपण ‘कमान’ म्हणतो तो शब्दही मुळात धनुष्याचाच. तीरकमानीतली. वाकवलेले लाकूड सरळ व्हायला धडपडते, तसे कमानीचे पाय फाकायला धडपडतात.

अशी कमान स्वतःभोवती गोल फिरवली की घुमट. शब्द फारसी ‘गुंबद’चा. मराठीत त्याचे गुंबज झाले, घुमट झाले, शेताच्या बांधावरच्या देवाची घुमटी झाली. ‘ग’चा ‘घ’ कसा झाला याचे माझे उत्तर साधे आहे: शेजारी ‘घुमणे’ हे क्रियापद आयतेच बसले होते. ज्याच्या आत हाक मारली की घुमते त्याला आमची जीभ गुंबद कशाला म्हणेल? गोव्यात तर मातीच्या मडक्याला कातडे ताणून वाजवतात त्या वाद्याचेही नाव घुमटच.

शब्द बाहेरचा, म्हणून आकारही बाहेरून आला असे मात्र नाही. भंडारा जिल्ह्यातले पवनी घ्या, किंवा मुंबईजवळचे सोपारे. दोन्ही ठिकाणी स्तूप होते, अर्धगोल, विटामातीचे. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला तेव्हा पोटात दगडी पेटी निघाली. पण तो घुमट भरीव. आत जाताच येत नाही, त्यामुळे रेट्याचा प्रश्नच नाही. धान्याच्या राशीला कोण विचारतो तू उभी कशी? कार्ल्याचे चैत्यगृह आतून कमानदार दिसते, पण ते डोंगर कोरून काढलेले. तिथला दगड कोणी रचला नाही, नको तो काढून टाकला.

हेमाडपंती देवळांत गोष्ट एक पायरी पुढे जाते. मंडपात मान वर करा: दगडाचा एक थर, त्यावर जरा आत सरकवलेला दुसरा, त्यावर तिसरा, वर्तुळ लहान लहान होत मध्यावर कमळ. दिसायला घुमटच, पण इथला प्रत्येक दगड आडवा बसला आहे आणि त्याची शेपूट मागच्या वजनाखाली दाबलेली आहे. पुढे झुकलेला माणूस मागून कोणी धरून ठेवावा तसा. ही रचना बाहेर ढकलत नाही, सरळ खाली दाबते. चुन्याची गरज नाही. अडचण एकच, मंडप फार रुंद करता येत नाही, दगडाची शेपूट तरी किती लांब ठेवणार?

खरा घुमट म्हणजे थर आडवे न ठेवता मध्याकडे कलते बसवायचे. दगड किंवा वीट घसरायला पाहते, शेजारची अडवते, वर्तुळ पुरे झाले की कोणीच घसरू शकत नाही. त्याची किंमत पायथ्याशी मोजावी लागते. आमच्याकडचे एक म्हातारे मिस्त्री, ज्यांनी उमेदीत वणीजवळच्या राजूरचा चुना घाणीत मळला होता, मला म्हणाले होते, “वझं खालीच जाते असं वाटते तुले. थे बाहीर जाते. भिंत थे थांबवते.” पुढे पुस्तकात वाचले ते याहून फार वेगळे नव्हते. चुन्याबद्दल त्यांचे म्हणणे असे, की तो मऊ असतो हाच त्याचा गुण. महिनोन् महिने हवेतून कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू दगड होतो, आणि तेवढ्या वेळात घुमट आपली जागा शोधून बसतो.

असले घुमट पाहायला आम्हांला लांब जावे लागत नाही. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर; तिथे अचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्या आहेत. वीरशहाची समाधी राणी हिराईने बांधवली, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. खाली चौकोन, वर घुमट. पण या जोडीतली खरी कसोटी पाहायची तर विजापूरलाच जायला हवे.

गोलघुमटात लोक आवाज ऐकायला जातात. सज्जात एका टोकाला कुजबुजले की पलीकडे ऐकू येते, कोणीतरी टाळी वाजवतो, पोरे ओरडतात, आणि दर्शन संपते. कोपऱ्यांकडे कोणी पाहत नाही. मुहम्मद आदिलशहा 1656 मध्ये वारला. त्याच्या या कबरीची खोली आतून सुमारे 135 फूट लांब-रुंद, भिंती जवळपास 10 फूट जाड. घुमटाचा आतला व्यास सुमारे 124 फूट. चौकोनावर वर्तुळ बसवायचे म्हणजे चार कोपरे उघडे राहतात. तिथल्या कारागिरांनी एकात एक अडकवलेले दोन चौकोन कल्पिले आणि आठ कमानी एकमेकींना छेदत वर नेल्या. वर जाताना त्या आत आत झुकतात. शेवटी त्यांचे एक कडे तयार होते, भिंतीच्या बरेच आत, आणि घुमट त्या कड्यावर उभा राहतो. कुजबुजीचा सज्जा म्हणतात तो मधल्या उरलेल्या जागेचा.

स्थापत्याचा इतिहासकार फर्ग्युसन याने यातली खुबी सांगितली. झुकलेल्या कमानींचे एवढे अवजड बांधकाम आतल्या बाजूला तोल जाऊन पडायला पाहते, आणि घुमट बाहेर ढकलायला पाहतो. दोन भांडखोर शेजारी पाठीला पाठ लावून बसवले. पोळ्याच्या बल्लीला बाहेरून दोर बांधतात तेच हे, फक्त उलट्या दिशेने, आणि दोराऐवजी शेकडो टन दगड. विटांचा घुमट, चुन्याचे जाड थर, बाहेरून टेकू नाही. हे गणित कागदावर मांडायला युरोपात अजून शंभर वर्षे जायची होती.

ती वेळ रोममध्ये आली. सेंट पीटरच्या घुमटाला खालून वर उभ्या भेगा गेल्या. कारण असे: अर्धगोल घुमटात माथ्यापासून सुमारे 52 अंशांपर्यंतचे थर आवळले जातात, त्याखालचे पसरतात. वीट-दगड आवळणे कितीही सोसतात, ताण मुळीच सोसत नाहीत. पोलेनी या इटालियन गणितज्ञाने 1748 मध्ये छापलेल्या ग्रंथात घुमटाच्या 50 फोडी कल्पिल्या, संत्र्याच्या असाव्यात तशा. समोरासमोरच्या दोन फोडींची कमान धरून तिच्या भागांच्या वजनाच्या प्रमाणात 32 मणी ओवून साखळी लोंबकळवली, आणि तिचा आकार उलटा करून नकाशावर ठेवला. रेषा दगडाच्या जाडीतच राहिली. म्हणजे भेगा पडूनही समोरासमोरच्या फोडी कमानीसारख्या एकमेकींना तोलत होत्या. मला हे फार आवडते. भेग दिसली की आपण घर पडले म्हणतो. इथे भेगा धरूनच घुमट उभा होता.

तरी खबरदारी म्हणून त्याआधीच, 1743-44 मध्ये, वास्तुकार वानव्हितेल्लीने घुमटाला लोखंडी कडी घातली होती. ती कशासाठी, हे सांगायला आमच्या बंडीचे चाक पुरे. धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, चाकापेक्षा किंचित लहान घडवतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल झाली की फुगते. दोघे-तिघे सांडशीने उचलून चाकावर चढवतात, लाकूड धुमसते, लगेच पाणी. फस्स आवाज होतो, धाव आक्रसते आणि आऱ्यांचे सगळे सांधे करकरून आत दाबले जातात. त्यानंतर ते चाक ढिले होत नाही. घुमटाच्या कमरेलाही असेच काहीतरी हवे असते.

आपल्याकडे मुंबईने विजापूरकडून आकार घेतला तो जीपीओच्या घुमटात, वास्तुकार जॉन बेगच्या हातून 1913 मध्ये. त्याआधी व्हीटी स्थानकाचा उंच घुमट, खालून लाकडी सांगाडा न लावता बांधलेला, 1888 चा. पण ही दोन्ही साहेबांची कामे.

मारेगावातून दसऱ्याला लोक नागपूरच्या दीक्षाभूमीला जातात. तिथला स्तूप 18 डिसेंबर 2001 ला खुला झाला, 120 फूट व्यासाचा, आणि आत पोकळ. पवनीच्या भरीव स्तूपाचा हा वंशज आतून मोकळा झाला तो सळईमुळे. बाहेरून धोलपूरचा दगड दिसतो, आत काँक्रीट आहे, आणि ताण सोसायला पोलाद. धाव आहे, फक्त दिसत नाही.

गोराईच्या विपश्यना पॅगोडात मात्र पुन्हा दगडच. जोधपूरचे, सहाशे-सातशे किलोंचे, एकमेकांत खाचा अडकवून बसवलेले. सुमारे 85 मीटरचा घुमट, मधे एकही खांब नाही. 8 फेब्रुवारी 2009 ला राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. तिथून वसईची खाडी ओलांडली की सोपारे. सकाळी लोकलने नालासोपाऱ्याला जाऊन भरीव स्तूप पाहावा आणि दुपारी बोरिवलीला उतरून होडीने गोराई गाठावी. एका दिवसात दोन्ही होतात.