नब्ज ते रक्तदाब

उर्दू माध्यमाच्या मुलांना हृदयाचा धडा शिकवताना 'इन्किबाज' आणि 'इन्बिसात' या दोन शब्दांवाचून पुढे जाता येत नाही. आकुंचन आणि प्रसरण. डॉक्टर १२०/८० लिहितात, त्यातला वरचा आकडा इन्किबाजी दाब, खालचा इन्बिसाती. हे शब्द कुणा भाषांतर समितीने काल-परवा घडवलेले नाहीत. इब्न सीना (९८०-१०३७) यांनी 'अल-कानून फित्तिब' या ग्रंथात नब्जची व्याख्या याच शब्दांनी केली. प्रत्येक ठोक्यात दोन हालचाली आणि दोन विराम असतात, असे त्यांनी सांगितले. मुळात ही विद्या ग्रीक वैद्य जालीनूस म्हणजे गॅलेन याच्याकडून आलेली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मात्र हे वर्णन हृदयाचे नव्हते, बोटाखालच्या धमनीचे होते. हृदय आणि धमनी एकाच वेळी फुगतात, असे जालीनूस मानत असे. १६२८ साली विल्यम हार्वेने नेमके उलटे दाखवले. हृदय आकुंचन पावते तेव्हा धमनी फुगते. म्हणजे हकीमसाहेबांच्या बोटाला लागणारा इन्बिसात हा खरे तर हृदयाचा इन्किबाज!

त्याआधी इब्न अल-नफीस (मृत्यू १२८८) यांनी 'अल-कानून'वरच भाष्य लिहिताना इब्न सीनांसारख्या उस्तादाला विरोध केला होता. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रे नाहीत, रक्त उजवीकडून फुफ्फुसांत जाऊन डावीकडे येते, असे त्यांनी लिहिले. १९२४ साली मुहियुद्दीन अल-तातावी या इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनमधल्या हस्तलिखितावरून ही गोष्ट जगापुढे आणली. आपल्याकडे भाषणांत संपूर्ण रक्ताभिसरणाचा शोधच नफीस यांच्या नावावर लावला जातो. तो त्यांचा नाही, हार्वेचा आहे. जे त्यांचे आहे तेच एवढे मोठे आहे की उसनवारीची गरज काय?

दाब मात्र बोटाने मोजता येत नाही. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांहून वर चढले आणि प्रत्येक ठोक्याबरोबर वर-खाली होत राहिले. हृदयाचा डावा कप्पा आकुंचला की त्यातला दाब पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटरपर्यंत चढतो, सैल पडला की जवळजवळ शून्यावर उतरतो. धमनीतला दाब मात्र ८० च्या आसपास थांबतो, कारण महाधमनीची झडप मिटलेली असते आणि ताणलेली लवचिक भिंत रक्ताला पुढे ढकलत राहते. नफीस यांनी सांगितलेल्या फुफ्फुसाच्या वाटेवर अडथळा थोडा, म्हणून उजव्या कप्प्याला २५ च्या आसपास दाब पुरतो.

१८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोचीने दंडाला बांधायचा पट्टा आणला, पण त्याच्या पद्धतीत मनगटाची नाडी बोटानेच पाहावी लागे, त्यामुळे वरचाच आकडा मिळे. १९०५ मध्ये रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्हने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवला. पट्टा सैल करताना पहिला ठोका ऐकू येतो तो इन्किबाजी दाब, आवाज बंद होतो तो इन्बिसाती.