‘घरकाम हाच माझा व्यायाम’: हे कितपत खरं?

‘दिवसभर घरात पायांवर उभी असते, वेगळा व्यायाम कशाला?’ हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू आलं असेल. राबणं खरंच असतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास वेळ जातो. घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं आहे.

तरीही ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अंदाजानुसार, भारतातल्या सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के आहे. (तेही काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही.) अनेकांना वाटतं की या मोजणीत फक्त जिम आणि मॉर्निंग वॉक धरतात. तसं नाही. नोकरीतलं काम, घरकाम, येण्याजाण्यातलं चालणं आणि फावल्या वेळेतला खेळ हे सगळं त्यात येतं.

मग पाच तास जातात कुठे? प्रश्न जोराचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची किंवा ७५ मिनिटं जोरदार हालचाल करावी. मध्यम श्रम म्हणजे काय? श्वास वाढतो, बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. भाजी चिरणं, पोळ्या लाटणं, ओट्यापाशी तासभर उभं राहणं यात टाचा दुखतात, कंबर धरते, पण हृदयाचे ठोके फारसे वाढत नाहीत. थकवा येतो, व्यायाम होत नाही. जोर लावून फरशी पुसणं, पाण्याचे हंडे भरून आणणं ही कामं मात्र हिशेबात धरली जातात.

‘वेळ नाही’ याला आळस म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे. वेळ घरकामानंच घेतलेला असतो. वेळ मिळाला तरी संध्याकाळी रस्त्यावर उजेड नसतो, फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात, मैदान मुलांच्या क्रिकेटनं भरलेलं असतं. शिवाय बाईनं नुसतं स्वतःसाठी फिरायला जाणं अजून बऱ्याच घरांत चैन समजली जाते. मुळात मौजेखातर हालचाल करण्याची सवयच आपल्याकडे कमी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रातल्या ९१ टक्के लोकांनी फावल्या वेळेत खेळ किंवा व्यायाम अजिबात करत नसल्याचं सांगितलं होतं, आणि त्यात पुरुषही होते.

एक बदल मात्र उपयोगाचा आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल मोजत नसत. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही अट काढून टाकली. त्यामुळे मंडईपर्यंत भरभर चालत गेलेली सात मिनिटंही आता १५० मध्ये धरता येतात.