भेदरांचं बी

मॉलमध्ये 'चेरी टोमॅटो' प्लास्टिकच्या डबीत मिळतो आणि बरेच लोक त्याला नवीन, परदेशी, जरा श्रीमंती फळ समजतात. इतिहास बघितला तर प्रकरण उलटं आहे. लहान टोमॅटो आधीचा, मोठा नंतरचा.

टोमॅटोचा रानटी पूर्वज पेरू आणि इक्वेडोरमध्ये आजही उगवतो. फळ जेमतेम करवंदाएवढं. तिथून मेक्सिकोपर्यंतच्या प्रवासात माणसांनी पिढ्यानपिढ्या मोठ्या फळांचं बी निवडलं आणि फळ फुगत गेलं. २०१२ साली टोमॅटोचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा तुलनेसाठी या रानटी भावाचाही जीनोम वाचला होता. (त्या आंतरराष्ट्रीय कामात पाचवं गुणसूत्र भारतीय संस्थांच्या वाट्याला होतं. हे शाळेत कुणी सांगितलं नाही.)

भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. पण आला म्हणजे लगेच कढईत पडला, असं नाही. १८९०च्या सुमारास जॉर्ज वॅट यांनी भारतातल्या उपयोगी वनस्पतींचा मोठा कोश केला. त्यात टोमॅटोची लागवड अजून मुख्यतः युरोपियनांसाठी होते, देशी लोकांना तो आता कुठे आवडू लागलाय, असं नोंदवलंय. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होऊन तीसेक वर्षं झाली होती. म्हणजे आपल्या पणजोबांच्या आजीला टोमॅटो बहुधा माहीतच नसावा. तिच्या वरणाला आंबटपणा यायचा तो चिंचेनं, कैरीनं. भाजीत अंबाडी असायची.

नवं फळ आलं की भाषा आधी जुन्या ओळखीच्या वस्तूचं नाव त्याला चिकटवते. हिंदीत 'विलायती बैंगन', मराठीत 'बेलवांगी'. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर आहे, दोघं एकाच कुळातले. बेलवांगी मात्र कोशातच राहिली. विदर्भात, विशेषतः भंडारा-गोंदियाकडे, जिभेवर बसला तो 'भेदर' हा शब्द. भेदरं निखाऱ्यावर भाजायची, हिरवी मिरची, लसूण आणि सांबार (पुणेकरांसाठी: कोथिंबीर) घालून ठेचायची. परक्या फळाला एवढा घरचा शब्द मिळाला, म्हणजे ते इथलं झालं.

आमच्या घरी आजी 'भेदर' म्हणते ते फक्त परसातल्या लहान, पातळ सालीच्या, आंबट फळाला. बाजारातून येतो तो 'टमाटर'. मला हा भेद फार नेमका वाटतो. १९७३ साली बंगळुरूच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्सनं 'कर्नाटक' हा संकरित टोमॅटो आणला आणि पुढे बाजार संकरित वाणांकडे वळला. उत्पन्न वाढलं, शेतकऱ्याला पैसा दिसला. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नारायणगाव किंवा पिंपळगावहून ट्रकनं नागपूरला यायचं तर साल जाड आणि गर घट्ट हवाच. पण संकरित फळाचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. म्हणून बी दरवर्षी विकत.

भेदराचं तसं नाही. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे सरळ वाणाचं बी पिढ्यानपिढ्या तसंच उतरतं. अट एकच: दरवर्षी कुणीतरी ते काढलं पाहिजे. आजीचं हे वाण कुठल्या पाकिटावर छापलेलं नाही. ज्याचा बॅकअप नाही अशा डेटाबद्दल माझ्या धंद्यात काय बोलतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बी काढायची पद्धत सोपी आहे. पूर्ण पिकलेलं, चांगल्या झाडाचं फळ घ्यायचं. गर वाटीत पिळून दोन-तीन दिवस आंबू द्यायचा. वास येतो, सहन करायचा. बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो, तो आंबल्यावर सुटतो. मग धुऊन सावलीत वाळवायचं. आजी राखेत घोळवून कापडात बांधते. मी कागदी पाकिटावर वर्ष लिहितो. पेरणी पावसाचा जोर ओसरल्यावर, म्हणजे फळ थंडीत मिळतं. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीसला टेकतं, रात्रीही गारवा नसतो, तेव्हा पराग निकामी होतात आणि फुलं गळतात. आजी तेव्हा झाडाच्या नादी लागत नाही. उन्हाळाभर बी डब्यात असतं, मिठाच्या बरणीमागे.