मडके, वारूळ आणि ईश्वरानुमान

मडके आहे म्हणजे ते घडवणारा कुंभार असलाच पाहिजे. तसेच पृथ्वी, पर्वत, झाडाचा अंकुर ही कार्ये आहेत म्हणजे त्यांनाही कर्ता असलाच पाहिजे. न्यायदर्शनातील ईश्वरानुमानाचा हा गाभा. गौतमाच्या न्यायसूत्रांत ईश्वराची चर्चा चौथ्या अध्यायातील तीन सूत्रांतच आटोपते. सहाव्या शतकाच्या सुमारास उद्द्योतकराने ती वाढवली आणि चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशोपाध्यायापर्यंत हा वाद धगधगत राहिला. एका प्रश्नावर इतकी शतके, इतक्या चिकाटीने झालेला विचार विरळाच.

पहिला जबर घाव सातव्या शतकात बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने घातला. वारूळही मातीचेच असते. मातीची वस्तू कुंभार घडवतो एवढ्यावरून अनुमान करायचे, तर वारूळही कुंभाराच्या माथी मारावे लागेल. मडके कुंभाराने केले असे आपण म्हणतो, कारण तशी मडकी कुंभाराच्या हातून होताना पाहिलेली असतात. पर्वत कोणाच्या हातून होताना कोणी पाहिला आहे? ‘घडण’ हा शब्द दोन्हीकडे लागतो, पण शब्द सारखा म्हणून वस्तूही सारख्या ठरत नाहीत. जगाचा कर्ता एकच का, हेही विरोधकांनी विचारले. वाडा एक असला तरी तो बांधणारे हात अनेक असतात. मीमांसक कुमारिलभट्ट वेद मानणारा, तरी या प्रश्नात तो ईश्वरवाद्यांच्या विरुद्ध उभा राहिला. कर्त्याला शरीर असेल तर ते शरीर कोणी केले, आणि शरीर नसेल तर तो काम कसे करतो, हा त्याचा सवाल होता.

नैयायिकही कच्चे नव्हते. माळरानावर कोणी न पेरता उगवणारे गवत दाखवून प्रतिपक्षी म्हणे, हे कार्य आहे, पण याला कर्ता नाही. त्यावर उत्तर असे, की गवताला कर्ता आहे की नाही हाच तर वादाचा मुद्दा. वादाचा मुद्दाच पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. उत्तर बिनतोड आहे, पण ते आक्षेप थोपवते. कर्ता सिद्ध करत नाही.

दहाव्या-अकराव्या शतकांत हा वाद शिगेला पोचला. मिथिलेच्या उदयनाचार्याने ‘न्यायकुसुमांजली’ हा पाच स्तबकांचा, म्हणजे प्रकरणांचा, ग्रंथ केवळ ईश्वरसिद्धीसाठी रचला. विक्रमशिला महाविहारातील रत्नकीर्तीने नैयायिकांच्या अनुमानाचे खंडन करण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. उदयनाच्या तिसऱ्या स्तबकातील एक मुद्दा फार मोलाचा आहे. वस्तू दिसत नाही म्हणून ती नाही, असे केव्हा म्हणता येते? ती दिसण्याजोगी असेल तेव्हाच. उजेडात जमिनीवर मडके दिसले नाही तर ते तिथे नाही. ईश्वर मुळातच इंद्रियांच्या आवाक्याबाहेरचा, तेव्हा तो न दिसल्याने त्याचा अभाव ठरत नाही. नवल असे, की धर्मकीर्तीनेही ‘न्यायबिंदू’त हाच नियम सांगितला आहे: जे इंद्रियांच्या टप्प्यापलीकडचे आहे, त्याबद्दल प्रत्यक्ष आणि अनुमान दोन्ही गप्प असतील तर हाती उरतो तो संशय. शेकडो वर्षे झुंजलेले दोन पक्ष इथे एका जागी येतात. एकाचे अनुमान कर्त्यापर्यंत पोचत नाही, आणि न दिसणे हा दुसऱ्याच्या हाती पुरावा ठरत नाही. दोघेही या जागी थांबले नाहीत, पण तर्काची प्रामाणिक धाव इथपर्यंतच दिसते.

परम ईश्वरभक्तांतही अनुमानावर भिस्त न ठेवणारे होते. रामानुजाचार्यांनी ‘श्रीभाष्या’त ईश्वरानुमानाचे सविस्तर खंडन केले, ते ब्रह्म शास्त्रानेच कळते हे ठसवण्यासाठी. ज्याला शास्त्रप्रामाण्य मान्य नाही, त्याला हे खंडन पुन्हा संशयाच्याच दारात आणून सोडते.

या संशयाला अज्ञेयवाद हे नाव फार उशिरा मिळाले. त्याचा मूळ इंग्रजी शब्द टी. एच. हक्स्ली यांनी १८६९ मध्ये घडवला. ‘ठरवता येत नाही’ आणि ‘नाहीच’ यांतला भेद मात्र संस्कृतात आधीच नेमका पकडला गेला होता. सांख्यसूत्रांच्या पहिल्या अध्यायात ईश्वर सिद्ध होत नाही, अशा अर्थाचे सूत्र आहे. सोळाव्या शतकातील भाष्यकार विज्ञानभिक्षू तिथे थबकतो. सूत्रकाराला ईश्वर नाहीच असे म्हणायचे असते, तर त्याने ‘अभाव’ हा शब्द वापरला असता. त्याने ‘असिद्धी’ म्हटले आहे. विज्ञानभिक्षू स्वतः ईश्वर मानणारा, त्याला सांख्य आणि वेदान्त यांचा मेळ घालायचा होता. हेतू काहीही असो, सिद्ध न होणे आणि नसणे यांतले अंतर त्याने एका शब्दाच्या निवडीवरून उघडे करून दाखवले.